प्रताधिकार (कॉपीराइट) : लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ही मुदत योग्य आहे का?

जुनी_पोथी

माधव जूलियन २९ नोव्हेंबर १९३९ ला गेले, भा. रा. तांबे ७ डिसेंबर १९४१ ला. तेव्हाचा नियम मृत्यूनंतर ५० वर्षांचा. जूलियनांची कविता १ जानेवारी १९९० ला खुली झाली. तांब्यांची १ जानेवारी १९९२ ला व्हायची होती, पण २८ डिसेंबर १९९१ ला, म्हणजे चार दिवस आधी, केंद्र सरकारने वटहुकूम काढून ५० ची ६० वर्षं केली. वटहुकूम तांब्यांसाठी नव्हता. ७ ऑगस्ट १९४१ ला गेलेल्या रवींद्रनाथांचे हक्क विश्वभारती विद्यापीठाकडे होते आणि तेही ३१ डिसेंबरच्या रात्री संपणार होते. एका संस्थेची अडचण सोडवायला देशातल्या सगळ्या भाषांमधल्या सगळ्या लेखकांची मुदत दहा वर्षांनी वाढली. तांब्यांची कविता २००१ अखेरपर्यंत बांधलेली राहिली.

माझं मत सरळ सांगतो. लेखक हयात असेपर्यंत संपूर्ण हक्क हवा, त्याच्या पश्चात घरच्यांनाही काही काळ हवा. पण ६० वर्षं म्हणजे नातवंडं म्हातारी होईपर्यंत. तोवर बहुतेक मराठी पुस्तकं बाजारात नसतात आणि परवानगी द्यायलाही कोणी सापडत नाही. यावर मुद्देसूद चर्चा व्हावी. आधी नियम नेमके मांडले तर बरं, कारण 'साठ वर्षं' या दोन शब्दांत बरेच घोळ लपलेले असतात.

कलम_बावीस

नियम मांडतो. कायदा १९५७ चा, अंमल २१ जानेवारी १९५८ पासून.

लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं साहित्य, नाटक, संगीत, चित्र : कलम २२. मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, म्हणजे हक्क नेहमी ३१ डिसेंबरला संपतो. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून खुले. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६, म्हणून १ जानेवारी २०२७ पासून. अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे दोघेही १९६९, म्हणून १ जानेवारी २०३०. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर जो शेवटी जाईल त्याचा मृत्यू धरायचा.

चित्रपट, ध्वनिमुद्रण, सरकारी प्रकाशन : प्रकाशनापासून ६० वर्षं, माणसाच्या आयुष्याशी संबंध नाही. टोपणनावाने किंवा निनावी लिहिलेलं : कलम २३. प्रकाशनापासून ६०, पण लेखक कोण हे मुदतीच्या आत उघड झालं तर पुन्हा मृत्यूपासून ६०. त्यामुळे टोपणनाव सर्वांना माहीत असलेल्या कवीला कलम २३ लावू नका.

छायाचित्रांचा नियम २०१२ मध्ये बदलला. आधी प्रकाशनापासून ६० होती, २१ जून २०१२ पासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६०. १९५१ पर्यंत प्रसिद्ध झालेली छायाचित्रं तोवर खुली झालेली होती आणि ती खुलीच राहिली. संपलेला हक्क नव्या दुरुस्तीने जिवंत होत नाही.

सर्वांत जास्त चुका कलम २४ मध्ये होतात. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं मृत्यूपासून नाही, प्रथम प्रकाशनापासून मोजतात. डॉ. आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ ला गेले. हयातीत छापलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ ला खुले झाले. 'द बुद्धा अँड हिज धम्म' १९५७ मध्ये आलं, म्हणून ते एक वर्ष उशिरा. आणि 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र शासनाच्या चौथ्या खंडात १९८७ मध्ये प्रथम छापलं गेलं, म्हणून त्याची मुदत २०४७ अखेर. लेखक एकच, मुदतींत एकतीस वर्षांपर्यंत फरक.

वाचनालय_कपाट

कलम २४ चं आणखी एक उदाहरण : बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, 'बहिणाबाईची गाणी' १९५२ मध्ये आली. मृत्यूपासून मोजलं तर २०११ अखेर, नियमाप्रमाणे २०१२ अखेर. शिवाय नंतरच्या आवृत्तीत एखादी कविता नव्याने आली असेल तर तिची मुदत त्या आवृत्तीपासून सुरू. म्हणून 'हा लेखक खुला झाला' असं म्हणू नये. 'ही रचना, या आवृत्तीत प्रथम छापलेली, खुली झाली' असं म्हणावं.

आणि १ जानेवारीचा नियम किती निर्णायक आहे ते बघा. इतिहासाचार्य राजवाडे गेले ३१ डिसेंबर १९२६ ला. ५० वर्षांच्या नियमाने १९७६ अखेर खुले. एक दिवस नंतर गेले असते तर वर्ष वाढलं असतं.

खिळा_आणि_शाई

प्रकाशनाच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू इथे नेहमी खलनायकासारखी मांडली जाते.

मराठीत ललित पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची. रॉयल्टी छापील किमतीच्या १० ते १५ टक्के. ३०० रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती विकल्या तर १० टक्क्यांनी लेखकाला ३०,००० रुपये, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. हयातीत ज्याला पुरेसं मिळालं नाही त्याच्या पत्नीला, मुलीला ते नंतर मिळावं यात अन्याय कसला? काही पुस्तकं उशिरा चालतात, अभ्यासक्रमात लागतात, त्यावर मालिका निघते.

दुसरं, पुस्तक खुलं झालं की चांगल्या आवृत्त्याच निघतात असं नाही. 'श्यामची आई' २०११ नंतर कितीतरी प्रकाशकांनी काढली. त्यात नीट मुद्रितशोधन केलेल्या आहेत, तशा काही 'रात्री' (पुस्तकातली प्रकरणं) गाळलेल्या, ऱ्हस्वदीर्घ बिघडलेल्या आणि संक्षिप्त असूनही तसं न सांगणाऱ्याही आहेत. एकच जबाबदार प्रकाशक असला की संहितेची काळजी घेतली जाते. आणि खुलं झाल्यावर लोक खपणारंच पुस्तक उचलतात. त्याच लेखकाची न खपणारी पुस्तकं तशीच पडून राहतात.

कलम_बावीस

गाळलेल्या रात्रींबद्दल : तो प्रश्न मुदतीचा नाही, कलम ५७ चा आहे. लेखकाचं नाव लागणं आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड न होणं हे हक्क आर्थिक हक्कांपासून वेगळे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने त्यातली मुदतीची अट काढली. ६० वर्षं उलटल्यावरही वारस विपर्यस्त आवृत्तीविरुद्ध जाऊ शकतात. संहितेच्या काळजीसाठी छापण्याची मक्तेदारी लांबवायची गरज नाही.

घरच्यांना पैसे मिळण्याबद्दल : मुदत ६० असली तरी करारच कच्चा असेल तर घरी काही येत नाही. १० मे १९९५ नंतरच्या हस्तांतरण करारांत कालावधी लिहिलेला नसेल तर कलम १९(५) प्रमाणे तो ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल तर तो हक्क आपोआप सुटतो, कलम १९(४). मराठीतले कित्येक करार एका पानाचे असतात आणि त्यांत कालावधीच नसतो. वारसांनी करावं ते असं : कराराची प्रत काढा, तारीख १० मे १९९५ च्या नंतरची आहे ना ते बघा, कालावधीचा रकाना रिकामा असेल तर ५ वर्षं मोजा, आणि संपली असतील तर नोंदणीकृत टपालाने पोचपावतीसह 'हक्क आमच्याकडे परत आलेले आहेत, उरलेल्या प्रतींचा हिशोब द्या' असं पत्र पाठवा. त्याआधीच्या करारांना हे संरक्षण नाही, तिथे कराराचे शब्दच बघावे लागतात.

ताळेबंद

६० वर्षांनी लेखकाला लिहायला प्रोत्साहन मिळतं, हा दावा आकड्यांत तपासू.

व्याजदर ८ टक्के धरा. आजपासून ५० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत २ रुपये १३ पैसे. ६० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची ९९ पैसे. आता एखादं पुस्तक मृत्यूनंतर दरवर्षी न चुकता १०० रुपये देतं असं समजा (खरं तर विक्री घसरत जाते, पण लेखकाच्या बाजूने धरू). पहिल्या ५० वर्षांच्या रकमेची मृत्यूच्या दिवशीची किंमत १,२२३ रुपये. पुढच्या दहा वर्षांची १४ रुपये. १९९१ च्या वटहुकूमाने वाढलेला वाटा सव्वा टक्क्याच्याही आत येतो. आणि लेखकाने पुस्तक मृत्यूच्या ३० वर्षं आधी लिहिलं असेल तर लिहिताना त्या १४ रुपयांची किंमत दीड रुपयाच्या आसपास. दीड रुपयासाठी कोणी जास्तीची कादंबरी लिहीत नाही. शिवाय १९४१ साली गेलेला माणूस १९९१ च्या प्रोत्साहनाने काय लिहिणार?

याउलट खर्च किती? वारस तिसऱ्या पिढीत गेले की एका पुस्तकाचे आठ-दहा हक्कदार होतात. एकाची सही राहिली तरी सावध प्रकाशक पुढे जात नाही.

जुनी_पोथी

@खिळा_आणि_शाई, घरच्यांना मिळावं हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण 'पैसे मिळणं' आणि 'छापायला नकार देता येणं' हे दोन हक्क आहेत आणि ते एकत्र बांधायची गरज नाही. ते वेगळे करणारी तरतूद आपल्याच देशात होती.

१९११ चा ब्रिटिश कायदा इथेही लागू होता. मुदत मृत्यूनंतर ५० वर्षंच. पण कलम ३ ला परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद) होतं : मृत्यूला २५ वर्षं झाली की कोणालाही प्रसिद्ध पुस्तक पुन्हा छापता येई, अट दोनच, आधी लेखी नोटीस आणि प्रत्येक प्रतीवर किमतीच्या १० टक्के रॉयल्टी. परवानगी मागायची नाही, पैसे मात्र द्यायचे. नकार द्यायचा हक्क २५ वर्षांत संपे, उत्पन्नाचा हक्क ५० वर्षं चाले. भाषांतराचा हक्क तर १९१४ च्या भारतीय कायद्यात प्रथम प्रकाशनापासून १० वर्षांपुरताच होता. मूळ लेखकाने त्या दहा वर्षांत स्वतः भाषांतर करून घेतलं नाही तर दुसऱ्याला करता येई.

१९५७ च्या कायद्यात हे परंतुक आलं नाही. माझ्या मते आपल्या प्रताधिकार कायद्यातली ती सर्वांत महागात पडलेली वगळणूक आहे. ३०० रुपयांच्या पुस्तकावर प्रतीमागे ३० रुपये वारसांच्या खात्यात जातील आणि पुस्तकही वाचकाला मिळेल. वारस सापडत नसतील तर रक्कम जमा करून ठेवायची.

कलम_बावीस

बर्न कराराची, म्हणजे प्रताधिकाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची, चौकट लक्षात ठेवा. १९४८ च्या ब्रुसेल्स सुधारणेपासून मृत्यूनंतर किमान ५० वर्षं सक्तीची आहेत आणि ट्रिप्सने (जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराने) १९९५ पासून तीच अट व्यापार कराराला जोडली. म्हणजे दिल्लीने मनावर घेतलं तरी ६० वरून ५० पर्यंतच येता येईल. दर काही वर्षांनी नूतनीकरण सक्तीचं करावं असं काही जण सुचवतात, पण परदेशी लेखकांवर नोंदणीसारखी अट लादता येत नाही. देशी लेखकांपुरतं परंतुक आणणं हा त्यातल्या त्यात मोकळा रस्ता.

जगाची दिशा उलटी आहे. युरोप ७० वर. जपान ३० डिसेंबर २०१८ ला ७० वर गेला, कॅनडा ३० डिसेंबर २०२२ ला. मेक्सिको १०० वर. तारखा बघा. २८ डिसेंबर, ३० डिसेंबर, ३० डिसेंबर. तिन्ही ठिकाणी त्या वर्षी खुलं होणारं साहित्य उंबरठ्यावर अडवलं गेलं.

फिरती_रिळं

पुस्तकांपुरती चर्चा चालू आहे म्हणून चित्रपटाचा हिशोब देतो. 'श्यामची आई' हा अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा. एकाच रिळात सहा हक्कांच्या मुदती आहेत.

मूळ पुस्तक : २०१० अखेर संपली. चित्रपट म्हणून चित्रपट : प्रकाशनापासून ६०, २०१३ अखेर संपली. गाण्यांचं त्या वेळचं ध्वनिमुद्रण : तसंच २०१३. पटकथा अत्र्यांची : २०२९ अखेर. संगीत वसंत देसाईंचं, ते २२ डिसेंबर १९७५ ला गेले : २०३५ अखेर. गीतांचे शब्द ज्याचे त्याच्या मृत्यूप्रमाणे.

कलम १३(४) सांगतं की चित्रपटाच्या हक्कामुळे आतल्या कृतींचे हक्क वेगळे राहतात. त्यामुळे 'साठ वर्षं झाली' म्हणून जुना चित्रपट यूट्यूबवर चढवणाऱ्याला चित्रपटाबद्दल नाही, संगीत आणि शब्दांबद्दल दावा येतो. निर्मात्याने पैसे देऊन संगीत करून घेतलं असेल तर हक्काचा मालक निर्माता असू शकतो, पण मुदत तरीही संगीतकाराच्या आयुष्यावरच मोजतात. चढवण्याआधी प्रत्येक गाण्यापुढे गीतकार, संगीतकार आणि त्यांची मृत्युवर्षं लिहून काढा. एकही रकाना रिकामा असेल तर थांबा. मला यात सर्वांत वाईट वाटतं ते याचं की नायट्रेटची रिळं ६० वर्षं वाट बघत नाहीत. ती चिकट होतात, भुकटी होतात, पेट घेतात.

वाचनालय_कपाट

पुस्तकांतही तेच थर. ज्ञानेश्वरी खुली, पण तिचं आधुनिक गद्य रूपांतर रूपांतरकाराचं. जुन्या कादंबरीच्या १९६० च्या आवृत्तीवर दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असेल तर दलाल १९७१ ला गेले, म्हणून ते चित्र २०३१ अखेर. प्रस्तावना, टीपा, शब्दार्थसूची ज्याने लिहिली त्याच्या. स्कॅन करताना शक्यतो लेखकाच्या हयातीतली सर्वांत जुनी आवृत्ती घ्या आणि नंतरची भर वगळा. नुसती अक्षरजुळणी, पानांची मांडणी, शुद्धलेखनाची दुरुस्ती यावर आपल्याकडे स्वतंत्र हक्क धरत नाहीत (ब्रिटनमध्ये पानाच्या मांडणीलाही २५ वर्षं आहेत).

परदेशी पुस्तकाच्या भाषांतरात दोन मुदती चालतात. हेमिंग्वे १९६१ ला गेला, मूळ 'द ओल्ड मॅन अँड द सी' भारतात १ जानेवारी २०२२ पासून खुली, नवं मराठी भाषांतर खुशाल करा. पुलंनी केलेलं तिचं भाषांतर 'एका कोळियाने' मात्र २०६० अखेरपर्यंत त्यांच्या हक्कदारांचं.

प्रकाशनवर्ष ठरवायला शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची हाताशी ठेवा, १९५० पर्यंतची पुस्तकं तिथे सापडतात. १८६७ च्या छापखाना आणि पुस्तक नोंदणी कायद्याखाली मुंबई इलाख्याच्या तिमाही याद्या निघत, त्यांत छापखाना, प्रतींची संख्या आणि किंमतही असे. मृत्युवर्षाला कोशातली नोंद पुरते, पण दोन ठिकाणी ताडून बघा. ३० डिसेंबर आणि २ जानेवारीच्या घोळात वर्ष बदलतं.

दूरदेशी

अमेरिकेत बसून मराठी पुस्तकं चढवणाऱ्यांसाठी : तिथला नियम वेगळा आहे. १ जानेवारी १९९६ ला भारतात ज्याचा हक्क जिवंत होता, त्याला तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षं मिळतात. १९३६ सालचं साने गुरुजींचं पुस्तक भारतात २०११ ला खुलं झालं, तिथे २०३१ अखेरपर्यंत बंद. तांबेही यातच अडकतात, कारण १९९१ च्या वटहुकूमाने त्यांना १९९६ पर्यंत जिवंत ठेवलं. जूलियन, लक्ष्मीबाई टिळक, ज्ञानकोशकार केतकर सुटतात. विकिस्रोतासारख्या ठिकाणचे सर्व्हर अमेरिकेत असल्याने भारतात खुलं असलेलं पुस्तकही तिथून काढलं जातं. अशी पुस्तकं भारतातल्या सर्व्हरवर ठेवा.

खिळा_आणि_शाई

२५ वर्षांनंतर १० टक्के ही योजना वाचून थोडा विचार केला. दोन अटींवर मला ती चालेल. रॉयल्टी पुस्तक बाजारात यायच्या आधी जमा व्हावी, विक्रीनंतर नाही. नंतरचा हिशोब कोणी देत नाही. आणि पुस्तक मूळ प्रकाशकाकडे उपलब्ध असेल, म्हणजे मागितल्यावर महिन्याच्या आत प्रत मिळत असेल, तर परंतुक लागू नये. जो पुस्तक जिवंत ठेवतो त्याच्या पोटावर पाय यायला नको. जो हक्क नुसता धरून बसतो त्याची बाजू मी घेणार नाही.

जुनी_पोथी

दोन्ही अटी मान्य. दुसरी तर माझ्या डोक्यातही आली नव्हती आणि ती मूळ परंतुकापेक्षा चांगली आहे.

ताळेबंद

वारस सापडत नसेल तर आजही काही मार्ग आहे ना? कलम ३१ क?

कलम_बावीस

आहे, कागदावर. लेखक मृत किंवा अज्ञात असेल, मालक सापडत नसेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. क्रम असा : शोध घेतल्याचा पुरावा (शेवटच्या प्रकाशकाला पत्र, परत आलेलं पाकीट, प्रताधिकार नोंदवहीतला शोध), देशाच्या बहुतांश भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात, भाषांतर असेल तर त्या भाषेच्या दैनिकातही, मग अर्ज, चौकशी, रॉयल्टी ठरणं, ती सरकारी खात्यात भरणं. अडतं कुठे? हजार प्रतींच्या पुस्तकाला राष्ट्रीय इंग्रजी दैनिकाची जाहिरात आणि वकील झेपत नाही. आणि अर्ज जिथे करायचा ती जागाच हलत राहिली : आधी प्रताधिकार मंडळ, २०१७ पासून बौद्धिक संपदा अपील मंडळ, २०२१ मध्ये तेही बरखास्त होऊन न्यायालयं.

ग्रंथालयांना मात्र सोपी सूट आहे. बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी करू शकतं, आणि छापील प्रत आधीच संग्रही असेल तर जतनासाठी डिजिटल प्रतही.

वाचनालय_कपाट

एक नेमका प्रश्न. ग्रंथालयाच्या संग्रहात १९५४ साली वारलेल्या शिक्षकाची हस्तलिखित रोजनिशी आहे, कधीच छापलेली नाही. ७० वर्षं उलटली, म्हणजे खुली?

कलम_बावीस

नाही. अप्रकाशित लेखनाची मुदत सुरूच झालेली नसते, म्हणून ती संपतही नाही. कलम ५२(१)(त) मुळे सार्वजनिक ग्रंथालयातल्या अशा हस्तलिखिताची अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने नक्कल करता येते, लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं होऊन गेली असतील तर. इथे १ जानेवारी नाही, मृत्यूच्या तारखेपासूनच मोजा. पण छापली की कलम २४ सुरू होतं. समजा २०२७ मध्ये छापली तर १९५४ साली गेलेल्या माणसाच्या रोजनिशीवर वारसांचा हक्क २०८७ अखेरपर्यंत.

म्हणून आजच स्कॅन करून घ्या. छापण्याआधी सापडतील त्या सर्व वारसांचं एकच संमतिपत्र घ्या, त्यात छापील आणि डिजिटल दोन्ही रूपं, कालावधी 'प्रताधिकाराची संपूर्ण मुदत', प्रदेश 'सर्व जग', आणि पुढच्या आवृत्त्या व भाषांतरं यांचा स्वतंत्र उल्लेख असू द्या. कालावधी लिहायचा राहिला तर पाच वर्षांनी पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागेल.